बहिणीनं नाचवलेला बँड

परवा संध्याकाळी कणीक मळत होते. भाचा मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला. "मावशी, हे बघच!" पाहते तर काय, जिममध्ये असतात तशा आठ ट्रेडमिल मांडलेल्या आणि त्यांच्या फिरत्या पट्ट्यांवर चार पुरुष नाचताहेत. एक पुढे सरकतोय, दुसरा मागे घसरतोय, तिसरा उडी मारून शेजारच्या पट्ट्यावर. चेहरे मात्र बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारखे गंभीर! हसून हसून पुरेवाट झाली.

"कुणी बसवला रे हा नाच?"

"त्यातल्या गायकाच्या बहिणीनं."

मग मात्र मी हात धुतले आणि नीट बसून सगळी माहिती काढली.

या बँडचं नाव 'ओके गो'. मैत्रिणींनो, 'इंडी रॉक' म्हणजे बाजाराच्या ठरीव चालीपेक्षा आपल्या मनाप्रमाणे चालणारं रॉक संगीत. गायक डेमियन कुलाश आणि टिम नॉर्डविंड यांची मैत्री लहानपणी मिशिगनमधल्या कलाशिबिरात झाली. तिथले चित्रकलेचे शिक्षक चित्र काढायला बसवताना म्हणायचे, "ओके... गो!" तेच पुढे बँडचं नाव झालं. 1998 मध्ये शिकागोत बँड सुरू झाला, 2002 मध्ये पहिला अल्बम आला. तोही एका बड्या कंपनीकडून.

पण खरी गंमत घडली ती घरी. डेमियनची बहीण ट्रिश सी ही बॉलरूम नृत्य करणारी. 2005 च्या 'ओह नो' या दुसऱ्या अल्बममधल्या एका गाण्यावर तिनं या चौघांचा नाच बसवला. घरामागच्या अंगणात, साध्या कॅमेऱ्यावर तो चित्रित झाला. सेट नाही, झगमगाट नाही. लोकांनी तो एकमेकांना पाठवत पाठवत जगभर नेला.

मग चौघं ट्रिशच्या फ्लोरिडातल्या घरी जाऊन राहिले. 'हिअर इट गोज अगेन' या गाण्याचा ट्रेडमिलवरचा नाच तिथेच तयार झाला. सगळा व्हिडिओ एका दमात घेतलेला, मध्ये कुठेही तुकडे जोडलेले नाहीत. म्हणजे शेवटच्या क्षणी कुणाचा पाय चुकला, की पुन्हा पहिल्यापासून! सतराव्या प्रयत्नात जमलं. 2006 मध्ये तो यूट्यूबवर आला आणि 2007 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. दिग्दर्शिका म्हणून त्या पुरस्कारावर ट्रिशचंही नाव आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. कारण घरच्या बाईनं केलेलं काम 'मदत' म्हणून सोडून द्यायची सवय आपल्याला काही नवी नाही.

पुढे कंपनीशी बिनसलं. यूट्यूबवरचे व्हिडिओ दुसऱ्यांच्या वेबसाइटवर दाखवायला कंपनीनं अडवलं. ज्या वाटेनं प्रसिद्धी मिळाली, तीच बंद! शेवटी 2010 मध्ये बँड बाहेर पडला आणि त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली. पोट त्यावरच अवलंबून असताना असं बाहेर पडायला धाडस लागतं.

बहिणीची साथ मात्र सुटली नाही. 2016 चा एक व्हिडिओ तर चक्क रशियातल्या विमानात झाला. विमान उंच जाऊन खाली झेपावतं, तेव्हा काही सेकंद आतली माणसं तरंगतात. तेवढ्या अवधीत नाचायचं! अशी 21 उड्डाणं झाली, काहींना उलट्याही झाल्या. दिग्दर्शन भाऊ आणि बहीण दोघांचं. ट्रिशनं पुढे हॉलिवूडचे चित्रपटही केले. 2017 चा 'पिच परफेक्ट 3' तिचाच.

या बँडचे व्हिडिओ लोकांना आठवतात, गाणी तितकी नाही, असं म्हणतात. मला स्वतःला ते थोडं पटतंही. पण एप्रिल 2025 मध्ये त्यांचा पाचवा अल्बम आला. आधीच्या अल्बमनंतर साडेदहा वर्षांनी! त्यातल्या एका गाण्याचा व्हिडिओ 64 मोबाइल एकत्र मांडून केलाय. पन्नाशीच्या आसपासची ही माणसं अजून शिबिरातल्या मुलांसारखीच खेळताहेत.

भाच्यानं विचारलं, "मावशी, सोळा वेळा चुकल्यावर सतराव्यांदा कोण करतं गं?"

मी म्हटलं, "पहिल्या पोळ्या आठव माझ्या, तुझ्या आजीला विचार!"