बाबांचं घड्याळ, रविवारचं काम!

बेलापूर म्हटलं की लगेच नवी मुंबईतली ऑफिसं डोळ्यांसमोर आणू नका! आपण चाललोय अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या बेलापूरला. गंमत म्हणजे रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशन या गावात नाहीच, ते आहे शेजारच्या श्रीरामपुरात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली इथली मंडळी विकेंडला घरी येतात, तेव्हा कपाटात एक वस्तू बहुतेक सापडतेच. बाबांना लग्नात मिळालेलं क्वार्ट्झ घड्याळ. अर्थात, बंद पडलेलं!

‘सेल संपलाय, टाकू कधीतरी’ म्हणत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. खरा लोचा इथेच आहे. संपलेला सेल आतच राहिला तर गळू शकतो. त्यातलं अल्कली रसायन आतल्या धातूच्या पट्ट्या आणि सर्किट खाऊन टाकतं. एवढ्याशा सेलपायी अख्खं मशीन जातं. म्हणून फंडा एकच : नवा सेल आज मिळो न मिळो, जुना आजच बाहेर काढा.

आधी ओळख परेड
घड्याळ चावीचं असेल, उदाहरणार्थ एचएमटीचं ‘जनता’, तर त्यात सेलच नसतो. चावी द्या आणि बघा! डायलवर ‘क्वार्ट्झ’ लिहिलं असेल तर सेल आहे. सेल शेवटच्या घटका मोजत असेल तर काही घड्याळांत सेकंद काटा दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागतो. ती वॉर्निंग समजा.

आता घड्याळ उलटं करा. झाकणाच्या कडेला छोटी खाच दिसली तर ते दाबून बसवलेलं झाकण. हे घरी जमतं. बारीक स्क्रू असतील तर योग्य मापाच्या पेचकसाने तेही जमेल. पण झाकण आट्यांचं असेल, घड्याळ पोहताना वापरायचं असेल किंवा महागडं असेल, तर हिरोगिरी नको. सरळ घड्याळवाल्या काकांकडे जा. पाण्यापासून बचाव करणारी रबर रिंग नीट बसली की नाही, हे तपासायला वेगळं मशीन लागतं.

चला, कामाला लागू
टेबलावर मऊ कापड पसरा, दिवा जवळ घ्या. खाचेत पातळ पातं घालून हलकेच पिळा. पात्याची दिशा हाताकडे नको! झाकण निघालं की आधी मोबाइलवर फोटो काढा. सेलची कुठली बाजू वर होती, हे नंतर आठवत नाही. सेल पट्टीखाली असेल तर पट्टी वाकवू नका. शेजारी तांब्याच्या केसासारख्या तारेचं गुंडाळं दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. तार तुटली की खेळ खल्लास. सेल काढायला धातूचा चिमटाही नको, शॉर्ट होऊ शकतं. लाकडी टूथपिक बेस्ट.

सेलवरचा नंबर टिपून घ्या. बऱ्याच मनगटी घड्याळांत ‘३७७’ असतो. ‘एसआर ६२६ एसडब्ल्यू’ म्हणजे तोच, ६.८ मिलिमीटर रुंद आणि २.६ मिलिमीटर जाड. ‘एलआर ६२६’ त्याच मापाचा आणि स्वस्त असतो, पण मोह टाळा. ‘एसआर’ सिल्व्हर ऑक्साइडचा, त्याचे १.५५ व्होल्ट जवळपास शेवटपर्यंत टिकतात. ‘एलआर’ अल्कलाइन, त्याचा दाब हळूहळू उतरतो आणि तो गळण्याची भीतीही जास्त. गावात नंबर नाही मिळाला तर श्रीरामपुरात बघा, नाहीतर पुण्याहून आणा. जुना बाहेर आहे ना, मग घाई नाही.

नवा सेल कोरड्या कापडाने पुसून बसवा. काटा हलला? मगच झाकण लावा. रबर रिंग खोबणीत, खाच मूळ जागी, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाब. बसत नसेल तर हातोडी आणू नका, काच फुटेल!

जुन्या सेलला चिकटपट्टी गुंडाळा आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. तोवर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. कुणी गिळलाच तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठा.

शेवटी वेळ लावा आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलशी ताडून बघा. घड्याळ पुन्हा मागे पडलं, तर सेलचा दोष नाही, मशीन थकलंय. ते काम मात्र काकांचंच!