नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

भोईवाडा, परळ, लालबाग भागात जुन्या चाळींच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, घरांना किंमत आली, आणि त्याबरोबर एका गैरसमजाने भावाभावांत भांडणे लावायला सुरुवात केली. घरातले वडीलधारे माणूस गेले की नॉमिनेशनचा कागद शोधला जातो. त्यावर ज्याचे नाव निघते तो म्हणतो, ‘नॉमिनी मी, म्हणजे घर माझे.’ त्याहून वाईट गोष्ट अशी की बाकीची भावंडेही, विशेषतः बहिणी, हे खरे मानून गप्प बसतात आणि हक्क असूनही तो सोडून देतात.

वस्तुस्थिती अशी की बँक, विमा कंपनी किंवा सोसायटीने मृत सभासदाची रक्कम वा जागा कोणाच्या हाती द्यावी, एवढेच नॉमिनेशन ठरवते. ती कोणाच्या मालकीची, हे मृत्युपत्र ठरवते आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. मधल्या काळात नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळ करणारा विश्वस्त असतो. हा नियम जुना आहे. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात एका विमाधारकाने दोन पॉलिसींवर पत्नीला नॉमिनी केले होते आणि मृत्युपत्र केले नव्हते. त्याच्या आईने न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्ये निकाल दिला, की पैसे पत्नीच्या हाती आले तरी त्यांत आई, पत्नी आणि मुलगा यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे. बँकेतल्या ठेवींबाबतही त्याच न्यायालयाने 2010 मध्ये हेच सांगितले.

तरीही हा समज टिकला, आणि त्याचा सगळा दोष लोकांना देता येणार नाही. कंपनी कायद्यात शेअर नॉमिनीकडे निहित होतात अशी भाषा आहे. तिच्या आधारे 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोकाटे खटल्यात पत्नीचा दावा फेटाळून शेअर नॉमिनीचे ठरवले. त्याचा गाजावाजा भरपूर झाला. पुढे तो निकाल पुसला गेला, हे मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचले. ज्या खटल्यात तो पुसला गेला, तो मराठी घराघरात ठाऊक असलेल्या नावाशी जोडलेला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केले होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या म्युच्युअल फंडांवर ज्यांची नावे नॉमिनी म्हणून होती, त्यांनी त्या गुंतवणुकीवर पूर्ण मालकी सांगितली. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने 2015 मध्ये आणि खंडपीठाने 2016 मध्ये ती नाकारली. 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्याच्या निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले: मृत्युपत्र आणि वारसा कायदा यांखेरीज नॉमिनेशन नावाचा वारशाचा तिसरा मार्ग कंपनी कायदा निर्माण करत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: वडिलांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिले, ती त्यांचीच इच्छा नव्हे का? त्या अर्जावर कधीकधी साक्षीदारांच्या सह्याही असतात. पण ‘माझ्यानंतर ही मालमत्ता कोणाची?’ हा प्रश्न त्या अर्जात विचारलेलाच नसतो, मग त्याचे उत्तर त्यातून कसे काढणार? वडिलांना एकाच मुलाला घर द्यायचे असेल, तर त्यासाठी मृत्युपत्राचा मार्ग खुला आहे. दुसरा आक्षेप असा, की मग नॉमिनी हवाच कशाला? हवाच. त्याच्यामुळे पैसे अडकून पडत नाहीत, आणि संस्थेला वारसांच्या तंट्यात न पडता आपली जबाबदारी पुरी करता येते. सोय मोठी आहे, पण ती मालकी देत नाही. तिसरा आक्षेप सोसायटीचा: शेअर सर्टिफिकेटवर नाव चढले, आता काय उरले? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये आलेले कलम 154ब-13 याचे उत्तर देते. खरा हक्कदार सभासद होईपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. विमा कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनुसार आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर त्यांना लाभार्थी म्हणून हक्क मिळतो. या तरतुदीच्या अर्थावरून न्यायालयांत वाद होतात, पण म्हणून ती घराला किंवा बँक ठेवीला लागू होत नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘लग्न झालेल्या मुलीला वाटा नाही.’ चूक. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचे वाटे सारखे असतात.

‘पागडीची खोली मृत्युपत्राने कोणालाही देता येते.’ भाडेकरूला असे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये मुंबईतल्याच एका खटल्यात सांगितले. आजच्या भाडे नियंत्रण कायद्यातही पहिला हक्क मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा आहे.

‘पीएफला लग्नाआधी लावलेले नाव कायम चालते.’ चालत नाही, लग्नानंतर नवे नामनिर्देशन करावे लागते.

‘मृत्युपत्र नोंदवले नाही तर बाद.’ नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात.

‘भोईवाडा कोर्टात तक्रार टाकली की वाटणी होईल.’ ते दंडाधिकारी न्यायालय आहे. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो.

म्हणून नॉमिनी जरूर नेमा, पण तेवढ्यावर थांबू नका. घर कोणाचे, ठेवी कोणाच्या, हे हातपाय धड असताना साध्या मराठीत लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि सगळ्या मुलांना, मुलींनाही, त्याची कल्पना द्या. आणि नॉमिनेशनमध्ये नाव नाही म्हणून ज्यांनी आपला हक्क सोडून दिला आहे, त्यांनी कोणत्याही हक्कसोड पत्रावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.