एका दिवसात ३४ अंश

रोज २,००० किलोकॅलरी अन्न खाणारा, ७० किलो वजनाचा माणूस घ्या. त्या अन्नातली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते: सुमारे ८४ लाख ज्यूल. अख्खं शरीर एका अंशाने तापायला मात्र जेमतेम अडीच लाख ज्यूल पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाटच बंद झाली, तर उद्या याच वेळेला हा माणूस ३७ वरून ७१ अंशांवर पोचेल आणि परवा उकळायला लागेल! अर्थात सहा-सात अंश वाढल्यावरच सारं संपेल, आणि त्याला पाच तासही लागणार नाहीत. हे नुसतं बसून असताना. जीव तोडून धावणाऱ्याच्या अंगात हजार वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. त्याचं तापमान दर चार-पाच मिनिटांना एक अंशाने चढलं असतं.

ते चढत नाही, कारण मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा इवलासा भाग अखंड पहारा देतो. एरवी त्वचेकडे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आतच रक्त जातं. उन्हाच्या तडाख्यात ते सात-आठ लिटरपर्यंत वाढतं. त्याच वेळी वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी कामाला लागतात. तासाला लिटरभर घाम येत असला, तरी एकेका ग्रंथीला एक टपोरा थेंब भरायला पाच दिवस लागतील, इतका तिचा वाटा चिमुकला. पण तो लिटर पूर्ण वाळला, तर २४ लाख ज्यूल घेऊन जातो. शरीर दहा अंशांनी थंड करायला तेवढे पुरेत.

१७७४ साली लंडनमध्ये डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन सुमारे १२७ अंश तापवलेल्या कोरड्या खोलीत आठ मिनिटं थांबले. तशाच खोलीत मांसाचा तुकडा ४७ मिनिटांत पुरता भाजून निघाला. माणसं मात्र धडधाकट बाहेर आली. मला या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो पाण्याचा. त्या खोलीत ठेवलेलं उघडं पाणी काही केल्या उकळेना. त्यावर तेलाचा पातळ थर सोडला, वाफ अडली, आणि पाणी खळखळून उकळलं.

दमट हवा आपल्या घामाचं तेच करते. नागपुरात कूलर गारवा देतो आणि मुंबईत देत नाही, त्याचंही कारण हेच. हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल, तर ३५ अंशांनाही घाम नुसता ओघळतो, अंगावरून काहीच उष्णता नेत नाही. ब्लॅग्डेन १२७ अंशांतून सुखरूप आले. इथे निरोगी माणूसही काही तासांत दगावू शकतो. ३५ ही मर्यादा कागदावरच्या गणितातून आली होती. २०२२ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या, तेव्हा दमट हवेत त्यांच्या शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागला.