डोळ्यातील गाठीवर उष्णतेचा लेसर
बाहुलीतून अवरक्त लेसरचा झोत सोडून डोळ्यातील गाठ तापवण्याच्या उपचाराला ट्रान्सप्युपिलरी थर्मोथेरपी म्हणतात. ८१० नॅनोमीटरच्या डायोड लेसरने गाठीचे तापमान ४५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. झोत एका जागी साधारण मिनिटभर धरला जातो. पेशी क्षणात करपत नाहीत, सावकाश मरतात. रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगातील छोट्या गाठींसाठी, बहुधा केमोथेरपीच्या जोडीने, हा उपचार फार मोलाचा आहे, कारण डोळा आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. दृष्टिपटलामागील कोरॉइड या थराच्या मेलानोमात (रंगद्रव्य पेशींच्या कर्करोगात) मात्र उष्णता सुमारे ४ मिलिमीटरपर्यंतच पोहोचते. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात शिरलेल्या पेशी उरतात आणि गाठ पुन्हा वाढू शकते. म्हणून तेथे डोळ्यावर बसवलेल्या किरणोत्सर्गी चकतीच्या उपचाराला पूरक म्हणूनच हा लेसर वापरणे शहाणपणाचे. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बंद पडणे, बुबुळाला इजा, मोतीबिंदू हे धोके राहतातच.