खांद्याला लागलेली गोळी

चित्रपटांचा नाद मला विद्यार्थिदशेपासूनचा. परंतु वैद्यकीय शिक्षणाने मारधाडपटांचा आनंद बराचसा हिरावून घेतला. नायकाच्या खांद्यात गोळी शिरते, तो वर रुमाल बांधतो आणि पुढच्याच प्रसंगात त्याच हाताने चौघांना लोळवतो! तेथून सबक्लेव्हिअन धमनी व हाताच्या नसांचे जाळे जाते, हे मी आमच्या सौ.ना इतक्यांदा सांगितले आहे, की त्या आता चित्रपटगृहात माझ्या शेजारी बसत नाहीत.

युद्धपटांत स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मला थोर वाटतो. ओमाहा किनाऱ्यावरील आरंभीची रणधुमाळी सर्वच वाखाणतात. मला मात्र पथकातला वैद्यकीय मदतनीस वेड आठवतो. गोळ्या लागल्यावर तो स्वतःच्या बोटांनी जखम चाचपतो, यकृताला इजा झाल्याचे ओळखतो आणि आणखी मॉर्फीन मागतो. त्या मागणीचा अर्थ सोबत्यांनाही कळतो. ते दृश्य मी पुन्हा पाहू शकलेलो नाही.

अद्भुतपट म्हणजे पोरखेळ, असे मी समजत असे. मुलाच्या हट्टापायी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग (२००१ ते २००३) पाहिले. मूळ कादंबरीकार टॉल्किन १९१६ साली सॉमच्या रणभूमीवर होते. उवांमुळे पसरणारा ट्रेंच फीव्हर जडल्याने ते मायदेशी परतले. त्यांचा फ्रोडोही अखेरीस घरी परततो. गाव पूर्ववत असते, पण चार वर्षांपूर्वीची खांद्याची जखम त्याला अजून ठणकते. खांद्याच्या जखमेबाबत मला पटलेला हा एकमेव चित्रपट, आणि त्यातले पाते जादूचे!