पाककृतींचे पुस्तक घेताना आधी तेलाचे माप पाहा

‘शुगर निघाली आहे, वजन कमी करा’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात आधी औषधाची चर्चा होते आणि लगेच स्वयंपाकाची. मग वणीला किंवा पांढरकवड्याला जाणाऱ्या कोणाला तरी सांगून एखादे पुस्तक मागवले जाते. मुखपृष्ठावर कोशिंबिरीची बशी, बाजूला मोजपट्टी आणि नाव ठरलेले : झटपट, पौष्टिक, कमी उष्मांकाचे. झरी जामणी तालुक्यात आलेल्या अशा पुस्तकांपैकी बरीचशी महिन्याभरात फडताळावर चढतात. त्यातले निम्मे जिन्नस इकडे मिळत नाहीत आणि जे पदार्थ करून पाहिले ते घरातल्यांना रुचत नाहीत. पैसे जातात ते जातातच, पण ‘पथ्याचे खाणे आपल्याला जमत नाही’ अशी समजूत होऊन बसते, हे नुकसान मोठे आहे.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुकानातच पाच मिनिटे चाळावे. ज्या पदार्थाची आपल्याला पूर्ण माहिती आहे, उदाहरणार्थ वांग्याची रस्सा भाजी किंवा डाळकांदा, त्याचे पान उघडावे आणि तेलाचे माप वाचावे. ‘अंदाजे तेल’, ‘आवश्यकतेनुसार तेल’ असे लिहिले असेल तर ते पुस्तक कमी उष्मांकाचे म्हणता येत नाही, मुखपृष्ठावर काहीही छापलेले असो. १ ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात. धान्य, डाळ यांतल्या पिष्ट पदार्थांत किंवा प्रथिनांत १ ग्रॅमला ४ च असतात. म्हणून हिशेब चुकतो तो बहुधा तेलात.

एक उदाहरण घेऊ. चार माणसांच्या रस्सा भाजीला १५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी तेल घातले तर नुसत्या तेलाचेच सुमारे ६०० उष्मांक होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५०. तीच भाजी चहाच्या चार चमच्यांत केली तर माणशी ४० च्या आसपास येतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण १७० उष्मांक असतात. म्हणजे रश्श्यावर जी लाल तर्री तरंगते, ती जवळपास एका भाकरीच्या तोलाची असते. आपल्याकडे मात्र वजन वाढले की पहिली गदा भाकरीवर येते आणि तर्री तशीच राहते. माणूस अर्धपोटी उठतो आणि दुपारी चिवडा, आलुबोंडा खातो.

वाटीचे माप घरोघर निराळे असते, हेही ध्यानात ठेवावे. औषधाच्या बाटलीबरोबर मापाच्या रेघा असलेले झाकण मिळते. ते धुऊन त्याने आपल्या घरातली वाटी आणि चमचा एकदा मोजून घ्यावा. चांगल्या पुस्तकात सुरुवातीलाच ‘आमची वाटी इतक्या मिलिलिटरची’ असे दिलेले असते. ते पान नसेल तर पुढचे सारे आकडे लटके पडतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पदार्थ किती माणसांसाठी आहे. ‘एका वाढणीत १२० उष्मांक’ असे वाचून समाधान वाटते, पण ती वाढणी केवढी? दोन चमचे उपमा म्हणजे वाढणी असेल तर सकाळी शेतावर किंवा कचेरीत जाणाऱ्याचे त्यात भागणार नाही. वाढणीचे वजन किंवा वाटीचे माप नसलेला आकडा काही कामाचा नाही.

तसेच ‘साखरेऐवजी मध’ किंवा ‘साखरेऐवजी गूळ’ घालून पदार्थ कमी उष्मांकाचा झाला, असे सांगणारे पुस्तक सरळ परत ठेवावे. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास, गुळात ३८० च्या आसपास आणि मधात ३२० च्या आसपास उष्मांक असतात. शिवाय मधाचा चमचा साखरेच्या चमच्यापेक्षा जड भरतो, त्यामुळे चमच्याने मोजल्यास मधच जास्त पडतो. मधुमेह असलेल्याला तर तिन्ही सारखेच जपून.

‘झटपट’ या शब्दाचीही उलटतपासणी करावी. मोड आलेल्या मटकीची उसळ पंधरा मिनिटांत होते असे छापलेले असते. भिजवणे आणि मोड येणे यात एक-दोन दिवस गेले, ते कोणी मोजायचे? आदल्या रात्रीचे काम वेगळे लिहून देणारी लेखिका प्रामाणिक समजावी. प्रत्येक पदार्थाला मिक्सर, फ्रीज आणि ओव्हन लागत असेल तर वीज गेल्यावर काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो. कुकर, तवा आणि गंज एवढ्यावर निम्मे पदार्थ होत असतील तर पुस्तक आपल्या घरचे आहे.

जिन्नसांची परीक्षा सोपी आहे. कोणत्याही दहा कृती वाचाव्यात आणि त्यातल्या किती झरी, मुकुटबन किंवा पाटणच्या बाजारातून आणलेल्या सामानात होतील ते बोटांवर मोजावे. सात-आठ होत असतील तर घ्यावे. ब्रोकोली, ऑलिव्हचे तेल, परदेशी चीज यांच्यावाचून पान हलत नसेल तर ते पुस्तक पुण्या-मुंबईला राहू द्यावे. ज्वारीच्या कण्या, तुरीचे सोले, अंबाडी, चुका, शेवग्याची पाने, पावसाळ्यातला कोवळा तरोटा, ताक, मूग, बरबटी हे सारे उत्तम आहे आणि आपल्या हाताशी आहे. फक्त जवस, तीळ, फल्लीदाणे आणि सुके खोबरे पौष्टिक असले तरी कमी उष्मांकाचे नाहीत. १०० ग्रॅम फल्लीदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक आहेत. चटणी एक चमचा घ्यावी, वाटीभर नाही.

पुस्तकातल्या आकड्यांचा भरवसा कसा धरायचा? आकडे कोठून घेतले हे प्रस्तावनेत लिहिले आहे का ते पाहावे. भारतीय अन्नपदार्थांचे पृथक्करण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केलेले आहे. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कोष्टके १९७१ साली निघाली आणि अनेक वर्षे आहारतज्ज्ञांच्या टेबलावर होती. २०१७ मध्ये संस्थेने ५२८ पदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, पण पुस्तके मात्र मुंबईहून येतात. असो.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे पुस्तक घरात कोणासाठी आणायचे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० उष्मांक लागतात, मध्यम कष्टाच्या स्त्रीला २,१३० आणि भारी कष्टाच्या स्त्रीला २,७२०. गर्भारपणात यावर ३५० आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, अंगावर पाजत असताना, ६०० जादा. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या सासूबाई आणि दिवसभर निंदण किंवा कापसाची वेचणी करून येणारी सून एकाच घरात असतात. सासूबाईंच्या मधुमेहासाठी आणलेले पुस्तक सुनेच्या ताटाला लागू केले तर तिची झीज होते, आणि ती बोलून दाखवत नाही. अंगणवाडीत ज्या मुलाचे वजन कमी भरते त्याच्या ताटात तर हे पुस्तक येताच कामा नये.

यासाठी दोन स्वयंपाक करण्याची गरज नाही. भाजी एकाच गंजात कमी तेलात शिजवावी. ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी ती तशीच, सोबत भरपूर पालेभाजी आणि ताक घेऊन खावी. कष्ट करणाऱ्यांच्या, गर्भार बाईच्या आणि मुलांच्या ताटात वरून चमचाभर तेल, मूठभर फल्लीदाणे, जवसाची चटणी, जादा भाकरी आणि जाड वरण वाढावे. असे वाढण्याचे बदल सांगणारे पुस्तक मिळाले तर किंमत थोडी जास्त असली तरी घ्यावे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी पुस्तक पाहून जेवण एकदम निम्म्यावर आणू नये. औषध तेवढेच आणि जेवण कमी झाले तर रक्तातील साखर अचानक उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, कधी शुद्ध हरपते. आधी डॉक्टरांना दाखवून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी-उसळींचे प्रमाणही विचारूनच ठरवावे.

नवे पुस्तक परवडत नसेल तर घरातले जुने चालेल. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले. त्यात वाटी-चमच्याची मापे दिलेली असल्यामुळे तेल कमी करून पाहणे सोपे जाते. जुन्या पुस्तकांत जेथे वनस्पती तूप सांगितले असेल तेथे साधे तेल आणि तेही थोडे वापरावे. तेलाच्या मापाखाली पेन्सिलीने रेघ मारून पहिल्या वेळी पाऊण, पुढच्या आठवड्यात निम्मे, असे आकडे कडेला लिहीत जावे. चव बिघडली असे घरातले म्हणतील तेथे थांबून लसूण, सांबार, लिंबू यांचे प्रमाण वाढवून पाहावे आणि तेही तेथेच टिपून ठेवावे.