आदेश बजावला, पण बंदुका कुठे आहेत?

सकाळी 7:00

कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीचं शेरीफ कार्यालय. कोर्टाने आदल्या दिवशी काढलेले मनाई आदेश टेबलावर आलेले असतात. घरगुती हिंसेचा अर्ज आला की तात्पुरता आदेश त्याच दिवशी किंवा कोर्टाच्या पुढच्या दिवशी निघतो, आणि तो बजावायचे पैसे शेरीफ घेत नाही. या कामावरची डेप्युटी पहिल्यांदा बघते ते अर्जातलं शस्त्रांविषयीचं कलम. (ही डेप्युटी कुणी एक खरी बाई नाही. तिथला कायदा, कोर्टाचे फॉर्म आणि अशा पथकांच्या कामाची रीत यांवरून तिचा दिवस मांडला आहे.)

मग ती गैरअर्जदाराचं नाव राज्याच्या शस्त्रनोंदीत शोधते. नोंदीत एक पिस्तूल सापडतं. रायफल नाही. पण त्यावर ती विसंबत नाही. लांब बंदुकांच्या विक्रीची नोंद राज्याने जपायला सुरुवात केली ती 1 जानेवारी 2014 पासून. त्याआधी घेतलेली शिकारीची रायफल संगणकाला ठाऊक नसते. सुटे भाग आणून घरी जुळवलेल्या, नंबर नसलेल्या बंदुकांचंही तेच. घरात काय आहे हे खात्रीने सांगू शकेल असं एकच माणूस असतं, आणि ते म्हणजे अर्ज करणारी बाई.

सकाळी 8:15

म्हणून बजावणीला निघण्याआधी तिला फोन. काही खात्यांत हा फोन होत नाही. कागद मिळाला, पत्ता मिळाला, गाडी निघाली. माझ्या मते सगळ्या पद्धतीत याच्याइतकी स्वस्त आणि मोलाची पायरी दुसरी नाही.

आजची अर्जदार मराठी आहे. सनीव्हेल-कुपर्टिनो पट्ट्यात मराठी घरं काही कमी नाहीत, आणि सॅन होजेच्या आसपास दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या हिंसेवर काम करणारी ‘मैत्री’ ही संस्था 1991 पासून उभी आहे, ती उगाच नाही. लाइनवर दुभाषी घेतलेली असते.

“ताई, घरात बंदूक आहे असं तुम्ही लिहिलंय. एकच आहे का?”

“एक छोटी आहे, काळी. हे ती पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. आणि एक लांब आहे, लाकडी दस्त्याची. ती गॅरेजमध्ये, कपाटाच्या मागे.”

“गोळ्या?”

“कपाटात, वरच्या फळीवर. बुटांच्या खोक्यात.”

पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. तिजोरी आहे का, तिची किल्ली कुणाकडे? गाडीत काही ठेवतात का? हल्ली कुणा मित्राकडे काही नेऊन दिलंय का? बंदूक दाखवून कधी धमकावलंय का? 2003 साली जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांतल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल, तर बाईचा जीव जाण्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो, असं त्यातून दिसलं. फोनवर सगळ्यात आधी बंदुकीचं का विचारायचं, याचं कारण हेच.

सकाळी 10:00

दारावर दोघं जातात, कधीच एकटं नाही. दार उघडणारा माणूस शांत आहे, जरा बावरलेला. डेप्युटी कागद हातात देते, मजकूर सांगते: अमुक अंतराच्या आत जायचं नाही, फोन-मेसेज करायचा नाही, सुनावणी अमुक तारखेला. ती साधारण तीन आठवड्यांच्या आत लागते.

आता खरी घडी. कॅलिफोर्नियाच्या कौटुंबिक कायद्याचं कलम 6389 सांगतं, की आदेश बजावल्यावर पोलिसाने मागितलं तर शस्त्र तिथल्या तिथे द्यायचं. मागितलं नाही, तर त्या माणसाला चोवीस तास मिळतात. तेवढ्यात त्याने ते पोलिसांकडे जमा करायचं, नाहीतर परवानाधारक दुकानदाराला विकायचं किंवा त्याच्याकडे ठेवायला द्यायचं. आदेशातच शस्त्रांचा उल्लेख असेल तर ती मागणं पोलिसावर बंधनकारक आहे. म्हणजे दारातल्या एका वाक्यावर पुढचा एक अख्खा दिवस अवलंबून असतो. आणि हा दिवस कुठला? बायको कोर्टात गेल्याचं ज्या दिवशी त्याला कळलं, तो. त्या दिवशी ड्रॉवरमध्ये पिस्तूल राहू देणं मला अक्षम्य वाटतं, कायद्याने सवलत दिली असली तरी.

डेप्युटी “बंदूक आहे का?” असं विचारतच नाही. त्यावर “नाही” म्हणणं फार सोपं असतं.

“सर, तुमची शस्त्रं आत्ता मला ताब्यात द्यायची आहेत. ड्रॉवरमधलं पिस्तूल आणि गॅरेजमधली रायफल. तुम्ही हात लावू नका, आम्ही काढतो.”

तो क्षणभर बघत राहतो. मग बाजूला होतो.

पिस्तूल हातात आल्यावर नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरपासून लांब. आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे ओढून आतली गोळी काढायची. मॅगझिन निघालं तरी एक गोळी आत राहू शकते. स्लाइड मागेच अडकवून चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, दुसऱ्या डेप्युटीलाही दाखवायचं. नळीतून प्लॅस्टिकचा पट्टा ओवला की पिस्तूल खोक्यात. रायफल आणि बुटांचं खोकंही निघतं. प्रत्येक शस्त्राचा नंबर लिहून पावती त्याच्या हातात.

त्याने दार अडवलं असतं तर तिला घर धुंडाळता आलं नसतं; मनाई आदेश म्हणजे झडतीचं वॉरंट नव्हे. मग तिने काय मागितलं आणि त्याने काय उत्तर दिलं ते शब्दशः लिहून कोर्टाला कळवायचं. तो अहवाल पुढे कामी येतो.

सकाळी 11:45

मुद्देमाल कक्षात जमा. बजावणीची नोंद राज्याच्या संगणकात, आजच. ती नसेल तर रात्री गाडी अडवणाऱ्या पोलिसाला या माणसावर आदेश आहे हे दिसणारच नाही.

दुपारी 1:00

नव्या लोकांचं प्रशिक्षण. विषय: बजावणीची ही रीत खात्याने लेखी नियमांत का बांधून ठेवायची.

कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकमध्ये 22 जून 1999 रोजी जेसिका गोन्झालेस यांच्या तीन मुलींना, मनाई आदेश असताना, त्यांच्या विभक्त नवऱ्याने उचलून नेलं. त्या संध्याकाळभर पोलिसांना फोन करत राहिल्या, मध्यरात्रीनंतर ठाण्यातही गेल्या. पहाटे तो त्याच संध्याकाळी घेतलेलं पिस्तूल घेऊन ठाण्यावर आला आणि चकमकीत मेला. मुली त्याच्या ट्रकमध्ये मृत सापडल्या. 2005 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की आदेशाची अंमलबजावणी हा त्या आईचा घटनेने राखलेला हक्क नव्हता. कायद्यात ‘करावंच’ असं लिहूनही न्यायालय पोलिसांच्या मर्जीला मान देत असेल, तर बाईच्या हाती खात्याच्या शिस्तीखेरीज उरतं काय? कॅलिफोर्नियाने 1986 पासून प्रत्येक खात्याला घरगुती हिंसेविषयी लेखी धोरण सक्तीचं केलंय, ते म्हणूनच मोलाचं.

अशा आदेशाखालच्या माणसावरची बंदूकबंदी घटनेत टिकेल का, हा प्रश्न वेगळा होता. रहिमी खटल्यात 21 जून 2024 रोजी त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी संघराज्याची बंदी कायम केली. ती मात्र सुनावणीनंतरच्या आदेशांनाच लागू होते. सुनावणीआधीचे धोक्याचे आठवडे राज्यांच्या कायद्यांवर सोडलेले आहेत, आणि सगळी राज्यं कॅलिफोर्नियासारखी नाहीत.

दुपारी 3:00

अठ्ठेचाळीस तासांची यादी. बजावणीपासून तेवढ्या वेळात शस्त्र जमा केल्याची पावती कोर्टात दाखल करावी लागते. न करणं हाही आदेशाचा भंग. आज तिघांच्या पावत्या नाहीत. एकाची दुकानदाराकडून येते, फोनवरच उलगडा. दुसरा म्हणतो, बंदूक भावाला दिली. ते चालत नाही: पोलीस किंवा परवानाधारक दुकानदार, तिसरी जागा नाही. तिसरा फोनच उचलत नाही. त्याच्यासाठी झडतीच्या वॉरंटचा अर्ज. आदेश बजावूनही शस्त्र न देणं हे वॉरंटचं स्वतंत्र कारण कायद्यात आहे. नोंदीतलं पिस्तूल, अर्जदाराचं सांगणं आणि न आलेली पावती, तिन्ही एका पानावर.

संध्याकाळी 5:00

मुदत संपलेल्या एका प्रकरणात शस्त्र परत मागायला माणूस येतो. राज्याच्या न्याय विभागाने तपासून दिलेलं पत्र नसेल तर मिळत नाही. आजच्याकडे नाही.

रात्री 10:40

आता दुसरी पाळी. शेजाऱ्यांचा फोन, आरडाओरडा, रडणारं पोर. इथे अजून कुठलाच आदेश नाही. अधिकारी अंगणातूनच ड्यूटीवरच्या न्यायाधीशांना फोन लावतो. ते चोवीस तास उपलब्ध असतात. तातडीचा संरक्षण आदेश फोनवरच मंजूर होतो, अधिकारी तो फॉर्मवर उतरवतो आणि नवऱ्याला तिथेच बजावतो. टेबलावर दिसणारं पिस्तूल तर कायद्याने उचलायचंच. बाकीची? तोही तेच म्हणतो: “तुमची शस्त्रं आत्ता द्या.”

हा आदेश कोर्टाचे पाच कामाचे दिवस किंवा सात दिवस, जे आधी संपेल तोपर्यंतच चालतो. त्याआधी तिने कोर्टात स्वतःचा अर्ज केला नाही, तर त्यानंतर तिला कसलंही कवच नाही. अधिकारी तिला कोर्टाच्या मदत केंद्राचा पत्ता आणि अर्जाचा नंबर लिहून देतो, आणि शस्त्रांचं कलम रिकामं सोडू नका म्हणून दोनदा बजावतो.